भिंतीपलीकडचा हात

तुमचा उजवा हात एका लोखंडी मुठीत आहे आणि नाकासमोर दोन-तीन फूट जाडीची काँक्रीटची भिंत. साल १९५४. जागा शिकागो शहराबाहेरची, अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळा. येताना आवारातल्या झाडीत तुम्हाला पांढरीशुभ्र हरणं चरताना दिसली. ती खरीच आहेत, अर्गोनची ती ओळखच आहे. पण आत आल्यावर हरणं विसरायची. भिंतीला एक जाडजूड खिडकी आहे, काचांच्या मध्ये झिंक ब्रोमाइडचं द्रावण भरलेली. पलीकडच्या खोलीला इथले लोक ‘हॉट सेल’ म्हणतात. तिथे टेबलावर किरणोत्सारी पदार्थाची एक बाटली आहे. तिच्याजवळ माणूस उभा राहू शकत नाही, आणि तिचं झाकण तर उघडायचंय.

तुम्ही मूठ पुढे नेता. भिंतीच्या वरच्या अंगाने गेलेल्या नळीतून पोलादी पट्ट्या आणि तारा सरकतात, आणि पलीकडचा चिमटा तुमच्याइतकाच पुढे जातो. तुम्ही मनगट वळवता, तो वळतो. चिमटा झाकणाला भिडतो आणि तुमच्या तळहाताला कळतं की भिडला. खिडकीतून काही नीट दिसायच्या आधीच कळतं.

आता सावकाश फिरवा. झाकण सुटलं. परत लावताना मात्र आटे चुकतात. घरी लोणच्याची बरणी बंद करताना चुकतात तसेच: झाकण तिरकं बसतं, अर्धा वेढा फिरतं आणि कच्च होऊन अडतं. ते ‘कच्च’ कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही. ते भिंतीपलीकडून पट्ट्यांमधून येतं आणि तुमच्या बोटांत उतरतं. तुम्ही न ठरवताच हात सैल सोडता, झाकण थोडं उलटं फिरवता, आटा धरला की पुन्हा पुढे. बाटली फुटत नाही.

तुमच्या शेजारी रेमंड गोर्ट्झ उभे आहेत. हे हात त्यांचे, म्हणजे त्यांच्या गटाने चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून घडवलेले. त्याआधी दुरून काम करायला मोटरवर चालणारी यंत्रं होती. बटण दाबलं की पुढे, सोडलं की थांब. हुकूम जायचा, उत्तर काही यायचं नाही. गोर्ट्झ यांनी नेमकं ओळखलं की वस्तू हाताळणं म्हणजे तिला नुसतं हलवणं नव्हे. हात वस्तूला लागला की वस्तूही हाताला लागते, आणि काम या दुसऱ्या लागण्यावर चालतं. मराठीत आपण दोन्हींना ‘लागणं’च म्हणतो. भिंत हाताला लागली, हात भिंतीला लागला. ही समज आपल्या क्रियापदात किती आधीपासून मुरलेली आहे!

या जोडीला इंग्रजीत जे नाव पडलं त्याचा अर्थ मालक आणि गुलाम असा होतो. मला ते नाव कधीच पटलेलं नाही, आणि माणुसकीच्या कारणाइतकंच ते तांत्रिकदृष्ट्याही चुकीचं आहे. पलीकडचा हात अडला की इकडचाही अडतो. ऐकणारा आणि सांगणारा असे दोन वेगळे इथे नाहीतच. आपण इकडचा हात आणि तिकडचा हात म्हणू.

गोर्ट्झ तुम्हाला शेजारच्या टेबलाकडे नेतात. तिथे याच वर्षीचं नवं यंत्र आहे. यात पट्ट्या नाहीत. दोन्ही हातांच्या प्रत्येक सांध्यासाठी मोटर आहे आणि मध्ये फक्त विजेच्या तारा. दोन हातांच्या स्थितीत फरक पडला की दोन्ही बाजूंच्या मोटर तो फरक मिटवायला धडपडतात. तिकडच्या हाताला अडथळा आला की ती धडपड तुमच्या मनगटावर येते, आणि तिलाच तुम्ही वस्तूचा टणकपणा समजता.

क्षणभर त्या तारांकडे बघा. पट्टी ओढायची तर दुसरं टोक जवळच हवं. तार मात्र कितीही लांब नेता येते. आणि तारेच्या पलीकडे खरोखर काही आहे की नाही, हे तुमच्या मनगटाला कसं कळणार?

या प्रश्नासाठी तेरा वर्षं पुढे चला. १९६७, नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल. इथल्या विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी एक काम सुरू केलंय. त्याचं इंग्रजी नाव ‘ग्रोप’, म्हणजे आपलं चाचपडणं. संगणकाच्या आत आकड्यांनी रचलेल्या वस्तू हाताने चाचपून बघता याव्यात, अशी त्यांची इच्छा. सुरुवात अगदी लहान: एक मूठ, जी दोन इंचांच्या चौकोनात फिरते आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बलक्षेत्राची ओढ हाताला दाखवते. मग सत्तरच्या दशकात मोठा हात येतो, आणि तो ओळखीचा निघतो. अर्गोनमधलाच, तिथे जास्तीचा ठरलेला. फक्त तिकडचा हात काढून त्या जागी संगणक जोडलाय.

तुम्ही मूठ धरता. पडद्यावर रेषांनी काढलेलं टेबल आणि त्यावर ठोकळे. ठोकळा टेबलाला टेकतो आणि हात थांबतो. तिकडे काहीच नाही आणि तरी लागतं! पण याहून जास्त त्या काळच्या संगणकाला झेपत नाही. ब्रुक्सना इथे दोन रेणू एकमेकांत बसवून बघायचे होते, औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत कुठे चपखल बसतो ते हाताने जाणवून. त्यासाठी कित्येक पट वेगवान संगणक हवा होता. तो बाजारात नव्हता, म्हणून त्यांनी काम बासनात बांधलं आणि वाट पाहिली. ऐंशीच्या दशकात बासन सोडलं, आणि तेव्हा रसायनशास्त्रज्ञ खरोखरच रेणू हाताने बसवू लागले. माझ्या मनात ब्रुक्स यांचं हे थांबणं कायमचं राहिलंय. वेळ आली नव्हती म्हणून कल्पना चुकीची होती असं त्यांनी मानलं नाही.

आता १९९३. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं केंब्रिज, एमआयटीची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा. इथे जरा बसा, कारण सगळ्यात सुंदर वस्तू इथे आहे.

टेबलावर डेस्कदिव्याच्या दांडीसारखी सडपातळ भुजा आहे आणि तिच्या टोकाला शिंप्याचं असतं तसं अंगुस्तान. बनवणारा बावीस वर्षांचा, केंटकीच्या ग्रामीण भागातून आलेला थॉमस मॅसी. पदवीचा प्रबंध म्हणून त्याने हे केलंय. मार्गदर्शक केनेथ सॅलिसबरी. त्यांनी दशकभरापूर्वी यंत्रमानवासाठी तीन बोटांचा हात घडवला होता, तारांनी ओढला जाणारा, आपल्या हातातले स्नायुबंध ओढतात तसा. यंत्राच्या बोटांसाठी शिकलेली ती विद्या आता माणसाच्या एका बोटाच्या सेवेला लागली आहे.

तर्जनी अंगुस्तानात घाला आणि हवेत फिरवा. काही जाणवतं? जवळजवळ नाही, आणि हाच पहिला विजय आहे. रिकामी जागा रिकामी वाटली पाहिजे, नाहीतर भरलेली जागा भरलेली वाटणार नाही. भुजेचं वजन बोटावर येऊ नये म्हणून मोटरच अशा जागी बसवल्यात की भुजा आपोआप तोलली जाते. दातेरी चक्रं नाहीत, कारण ती खरखरतात आणि त्यांच्यात सैलसर फट राहते; त्याऐवजी बारीक पोलादी तारेचे वेढे आहेत. मोटर तीनच. बोट वळवायला, पिळवटायला एकही मोटर नाही. अंगुस्तान नुसतं मोकळं फिरतं. वस्तू टोकाने चाचपायची तर एका बिंदूवरचं बळ पुरतं, एवढं धाडसी पण अचूक अनुमान मॅसीने केलंय.

आता बोट खाली न्या. टक्. भिंत.

पडद्यावर ती आहे, टेबलावर नाही. मशीन काय करतंय ते असं: बोट भिंतीत किती शिरलं ते मोजायचं आणि त्या प्रमाणात उलट ढकलायचं. भिंत खरी वाटायला दर सेंटिमीटरला निदान २० न्यूटनचा विरोध हवा, असं या दोघांना आढळलंय. म्हणजे बोट एक मिलिमीटर आत गेलं तर २ न्यूटन, साधारण पाव शेर साखरेच्या वजनाएवढं बळ बोटाच्या टोकावर. मेंदूला तेवढ्यावर पटतं.

पण हे मोजणं आणि ढकलणं सेकंदाला सुमारे हजार वेळा व्हावं लागतं. सिनेमाला सेकंदाला २४ चित्रं पुरतात, डोळा तेवढ्यात फसतो; बोट फसत नाही. गती कमी करा आणि पुन्हा भिंतीला हात लावा. दोन मापांच्या मधल्या वेळात बोट खोल शिरतं, मशीन उशिरा जागं होऊन जोरात फेकतं, बोट बाहेर, पुन्हा आत, आणि भिंत माशीसारखी गुणगुणत थरथरू लागते. थरथरणाऱ्या भिंतीवर कुणाचा विश्वास बसणार? स्पर्शात उशीर म्हणजे खोटं.

या यंत्राचं नाव फँटम. पुढच्या वर्षी शिकागोत यंत्र अभियंत्यांच्या परिषदेत मॅसी आणि सॅलिसबरी त्यावरचा निबंध वाचतील. मॅसी कंपनीही काढेल, आणि खूप पुढे केंटकीतून अमेरिकी संसदेत निवडून जाईल. त्याचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, अंगुस्तानात बोट घातलेल्या माणसाला त्याचं देणं नाकारता येत नाही.

आणखी एक थांबा, थोडक्यात. ऑक्टोबर २००२, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तुमच्या बोटाशी फँटम, पडद्यावर एक ठोकळा. त्याच्या दुसऱ्या बाजूला केंब्रिजमधलं, एमआयटीतलं एक बोट, पाच हजार किलोमीटरवरून. मंडयम श्रीनिवासन यांच्या स्पर्श-प्रयोगशाळेने लंडनच्या सहकाऱ्यांबरोबर हे जमवलंय. दोघांनी दोन बाजूंनी दाबलं तरच ठोकळा उचलला जातो. अडचण तीच, उशिराची. काचेच्या तंतूतून संकेत एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, मुंबईहून निघाला तर पुण्याच्या थोडा पुढे. अटलांटिक ओलांडायला निदान पंचवीस मिलिसेकंद हवेत, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. तरीही समोरची व्यक्ती ठोकळा ढकलते आणि तिचा जोर तुमच्या बोटाला लागतो. तुम्ही परत ढकलता. तिला कधी पाहिलेलं नाही, पण ती कचरते कधी आणि रेटते कधी हे तुम्हाला कळू लागलंय.

आता परत या. तुमच्या खिशातला फोन थरथरला, पण त्याला मी स्पर्श म्हणणार नाही. ती हाक आहे. फोन बोलला, तुमचं बोट त्याला लागलं नाही. अर्गोनच्या वंशातले हात मात्र फार लांब नाहीत. मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हॉट सेलमध्ये, माणसं आजही भिंतीअलीकडे उभं राहून भिंतीपलीकडचं काम करतात, आणि हे हात तिथे घडवलेही जातात.

एक गोष्ट मात्र मला खुपते. ‘दा विंची’ शस्त्रक्रिया यंत्राला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली. शल्यविशारद त्यावर बसून रुग्णाच्या पोटातले चिमटे चालवू लागले, पण ऊतीचा ताण हातापर्यंत पोचवणारी सोय असलेलं मॉडेल २०२४ मध्ये आलं. मधली चोवीस वर्षं टाक्याचा धागा किती ताणला गेलाय हे डॉक्टर डोळ्यांनीच अजमावत होते. कारणं खरी आहेत: पेन्सिलीएवढ्या हत्याराच्या टोकाशी बळ मोजणारा संवेदक बसवायचा, तो निर्जंतुक करता यायला हवा, आणि थरथरणारी भिंत पोटात तर मुळीच चालणार नाही. डॉक्टरांचं कौशल्य मोठं, म्हणून काम चाललं. पण चित्र आधी आणि स्पर्श सवडीने, हा क्रम यंत्रं बनवणाऱ्यांनी फार वर्षं पाळला, आणि तो चुकीचा आहे.

म्हणून शेवटचा शब्द तुमच्यातल्या त्यांच्यासाठी, जे सांगलीत, नागपुरात किंवा पणजीत अभियांत्रिकी शिकत असतील आणि प्रकल्पाचा विषय शोधत असतील. स्टॅनफर्ड विद्यापीठात ॲलिसन ओकामुरा यांच्या गटाने ‘हॅपकिट’ नावाचं शिकण्याचं यंत्र केलंय आणि त्याचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. एक दांडी, एक चुंबक, स्थिती मोजणारा एक संवेदक आणि एक छोटा बोर्ड. नसलेली भिंत या सत्रात हाताला लावून बघा. मोटर एकच लागते.