केराचा शेवटचा मुक्काम

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. पण तिने काढलेला केर पुढे कोठे जातो, याची चौकशी गिरगाव-परळात सहसा कोणी करीत नाही. केराचा डबा जिन्याखाली नेऊन ठेवला की आपण सुटलो! मुंबईचा इतिहास चाळताना मला हा समज फार जुना दिसतो.

1888 च्या कायद्याने केर उचलण्याचे कर्तव्य पालिकेवर आले. तो टाकायचा कोठे, याला मात्र उत्तर एकच: वस्तीपासून दूर. एकोणिसाव्या शतकात महालक्ष्मीजवळच्या सखल जमिनी शहराच्या केराने भरल्या. पुढे 1906 साली कुर्ल्याहून चेंबूरकडे रूळ पडले, तेही केराच्या गाडीसाठी. उतारूंची पाळी आली 1924 साली! 1927 पासून देवनारच्या खाडीकाठी केराचे ढीग पडू लागले आणि त्यांचे डोंगर झाले.

ओला केर हवेवाचून कुजला की त्यातून पेटणारा वायू निघतो आणि काळे पाणी जमिनीत मुरते. म्हणूनच 2000 सालच्या केंद्रीय नियमांनी बजावले, की जे कुजत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही, तेवढेच भूमीत पुरावे. तयारीला मुदत होती 2003 अखेरची. मुदत सरली; देवनारचा डोंगर वाढतच राहिला.

जानेवारी 2016 मध्ये तो पेटला. धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. 29 फेब्रुवारीला उच्च न्यायालयाने मुंबईतील नव्या बांधकामांच्या परवानग्यांनाच लगाम घातला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो सैल केला. दरम्यान एप्रिल 2016 च्या नव्या नियमांनी ओला, सुका आणि घातक केर घरीच वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येकावर टाकली. दिवसाला 100 किलोंहून अधिक केर होणाऱ्या वसाहतींनी ओल्या केराची व्यवस्था आपल्याच आवारात लावावी, असा आग्रह पालिकेने 2 ऑक्टोबर 2017 पासून धरला.

वाचकहो, शंभर वर्षे केर आपल्यापासून दूर जात होता. आता कायदा त्याला उंबरठ्यावर परत आणतो आहे. अनेकांना ही कटकट वाटते. मला हा न्याय वाटतो. दादरच्या बाजारातून आणलेला झेंडू आपण दारी बांधायचा, आणि तो कुजल्यावर धूर मात्र गोवंडीच्या पोरांनी गिळायचा, हा कुठला सण?