युरेनियम डाय-ऑक्साइड

युरेनियम या ॲक्टिनाइड श्रेणीतील धातूचे ऑक्सिजनाबरोबरचे एक संयुग. यात युरेनियमाच्या एका अणूमागे ऑक्सिजनाचे दोन अणू असतात. हे तपकिरी ते काळ्या रंगाचे असून पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. निसर्गात ते युरेनिनाइट व त्याचाच प्रकार असलेले पिचब्लेंड यांच्या रूपात, काहीसे अधिक ऑक्सिडीभूत झालेले आढळते.

इतिहास : बर्लिन येथील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हाइन्‍रिक क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये पिचब्लेंड नायट्रिक अम्लात विरघळविले व विद्राव उदासीन करून पिवळा साका मिळविला. तो कोळशाबरोबर तापविला असता धातूसारखी चकाकी असलेला काळा पदार्थ मिळाला. १७८१ मध्ये शोधल्या गेलेल्या युरेनस ग्रहावरून त्यांनी या नव्या ‘धातू’ला नाव दिले. वस्तुतः हा पदार्थ ऑक्साइड होता. युरेनियमाचे ऑक्सिजनाशी असलेले बंध इतके बळकट असतात की, अशा तापमानाला कोळशाने होणारे क्षपण डाय-ऑक्साइडापाशीच थांबते. हायड्रोजनाने क्षपण केले तरी हाच पदार्थ मिळे. त्यामुळे त्याचे मूलद्रव्यत्व पक्के ठरल्यासारखे वाटले.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ यूजीन पेलिगो यांनी १८४१ मध्ये हा समज दूर केला. युरेनियमाच्या क्लोराइडाचे त्यांनी विश्लेषण केले तेव्हा १०० भाग क्लोराइडापासून ‘युरेनियम’ व क्लोरीन मिळून सु. ११० भाग भरले. हे वाढीव वजन ऑक्सिजनाचे होते. त्यांनी क्लोराइडाचे पोटॅशियमाने क्षपण करून खरी धातू प्रथमच मिळविली. तिचा अणुभार मात्र १२० मानला गेला. आवर्त सारणीत योग्य स्थान मिळावे म्हणून मेंडेलेव्ह यांनी १८७१ मध्ये तो २४० घेतला (आधुनिक मूल्य २३८.०३).

संरचना व गुणधर्म : स्फटिकरचना फ्ल्युओराइटासारखी घनीय असून एकक कोशिकेची बाजू सु. ५.४७ अँगस्ट्रॉम आहे. प्रत्येक युरेनियम अणूभोवती घनाच्या आठ कोपऱ्यांवर ऑक्सिजन अणू, तर प्रत्येक ऑक्सिजन अणूभोवती चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर चार युरेनियम अणू असतात. घनता १०.९७ ग्रॅ./घ.सेंमी., वितळबिंदू सु. २,८५०° से. जालकातील रिकाम्या जागांत जादा ऑक्सिजन सामावू शकतो. हारवेल (ब्रिटन) येथे विलिस यांनी १९६० नंतरच्या दशकात न्यूट्रॉन विवर्तनाने दाखविले की, हे जादा अणू शेजारच्या ऑक्सिजन अणूंना जागेवरून ढळवून त्यांच्यासह समूह बनवितात. हवेत तापविल्यास शेवटी तीन युरेनियम व आठ ऑक्सिजन अणूंचे विरळ ऑक्साइड बनते. त्याचे घनफळ सु. एक-तृतीयांशाने जास्त असल्याने वडीचा भुगा होतो.

उपयोग : युरेनियम धातूची स्फटिकरचना सु. ६६८° से. ला बदलते व तिच्यावर तप्त पाण्याची विक्रिया होते. डाय-ऑक्साइडात हे दोष नसल्याने पाण्याने थंड होणाऱ्या अणुकेंद्रीय विक्रियकांत ते इंधन म्हणून रूढ झाले. चूर्ण दाबून केलेल्या वड्या हायड्रोजनयुक्त वातावरणात सु. १,७००° से. ला भाजून झिर्कोनियमाच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. महाराष्ट्रातील तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन विक्रियकांसाठी समृद्ध युरेनियमाचे हेच संयुग योजले होते. उष्णतेची कमी संवाहकता ही मात्र त्याची उणीव असून तीमुळे वडीचा मध्य पृष्ठापेक्षा पुष्कळच अधिक तापतो.

वापरलेल्या इंधनाची साठवण करतानाही हेच रसायनशास्त्र निर्णायक ठरते. ऑक्सिजनविरहित भूजलात डाय-ऑक्साइड अत्यल्प विरघळते. ऑक्सिडीकरण झाल्यास विद्राव्य युरेनिल आयन तयार होऊन युरेनियम पाण्याबरोबर वाहू लागते. गॅबनमधील ओक्लो येथे सु. दोन अब्ज वर्षांपूर्वी नैसर्गिक रीत्या भंजन विक्रिया चालल्याचे १९७२ मध्ये उघडकीस आले. तेथील युरेनिनाइट बव्हंशी जागीच टिकून राहिले आहे.