झोम्बीला काय ऐकू येते? यंत्राला अज्ञान शिकवण्याचा इतिहास

१/ काळोखी खोली, हातात टॉर्च, समोर अर्धवट उघडे दार आणि दारापलीकडे एक झोम्बी. धावत गेलो तर तो ऐकेल. वाकून, दबकत गेलो तर कदाचित ऐकणार नाही. सर्व्हायव्हल गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला हा क्षण परिचित आहे. पण त्यात एक विसंगती दडलेली आहे. आपण कोठे उभे आहोत हे संगणकाला क्षणोक्षणी अचूक ठाऊक असते. मग ते त्याच संगणकातल्या झोम्बीला का ठाऊक नसते?

२/ कारण ते त्याला कळू नये, अशी व्यवस्था कोणीतरी मुद्दाम केलेली असते. शत्रूला सर्वज्ञ करणे सोपे. त्याला योग्य मापाचे अज्ञान देणे कठीण. ते साधायला गेमनिर्मात्यांना जवळपास दोन दशके लागली. आजचा धागा त्या अज्ञानाच्या इतिहासाविषयी.

३/ आरंभीची स्थिती पाहायची तर ‘पॅक-मॅन’ (१९८०) घ्या. त्यातले लाल भूत पाठलाग करताना खेळाडू ज्या चौकोनात आहे तोच चौकोन लक्ष्य धरते. मध्ये किती भिंती आहेत, याने त्याच्या माहितीत काही फरक पडत नाही. ते पाहत नाही, ऐकत नाही. ते केवळ जाणते. अशा जगात पळता येते, लपता येत नाही.

४/ पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, सायलस वॉर्नर यांनी ‘ॲपल टू’ संगणकासाठी ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ लिहिला. नाझींच्या किल्ल्यातून गुप्त युद्धयोजना घेऊन निसटायचे, हे त्याचे कथानक. गोळ्या मोजक्याच. मात्र शत्रूचा गणवेश मिळाला की साधा पहारेकरी फसतो. एसएसचा सैनिक फसत नाही. १९८४ च्या उत्तरभागात पहारेकऱ्याला पास दाखवावा लागतो, प्रसंगी लाच द्यावी लागते, आणि आवाज न करता मारण्यासाठी खंजीर मिळतो.

५/ येथे ‘दिसणे’ म्हणजे डोळ्यांना दिसणे नव्हे. प्रश्न ओळखीचा आहे: हा आपला की परका? गणवेश, कागद, शिक्का. शत्रू माणूस आहे, एका राज्ययंत्रणेचा नोकर आहे, म्हणून त्याला माणसासारखे फसवता येते. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

६/ १९८७ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीत हिदेओ कोजिमा यांच्यापुढे युद्धाचा गेम करण्याचे काम होते. एमएसएक्स-२ या संगणकाला पडद्यावर एका वेळी मोजकीच हलती चित्रे पेलत. शत्रू आणि गोळ्यांची गर्दी त्याला झेपणारी नव्हती. तेव्हा लढाई टाळणे हाच खेळ झाला, आणि ‘मेटल गिअर’ जन्मला. उणिवेतून आलेली ही कल्पना. त्यातला पहारेकरी मात्र फक्त नाकासमोरच्या सरळ रेषेत पाहतो.

७/ १९९० च्या ‘मेटल गिअर २’ मध्ये त्या रेषेचा कोन झाला. पहारेकऱ्याच्या नजरेला ४५ अंशांचा पसारा मिळाला, तो मान वळवू लागला आणि आवाज ऐकू लागला. खेळाडूला रांगता येऊ लागले. शत्रूच्या इंद्रियांची वाढ आणि खेळाडूच्या शरीराची वाढ अशी हातात हात घालून झाली.

८/ खरे वळण १९९८ चे: अमेरिकेतील लुकिंग ग्लास स्टुडिओचा ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’. पहारेकऱ्यांची ज्ञानेंद्रिये घडवणारे प्रोग्रामर टॉम लेनर्ड यांनी ती रचना पुढे लेखातून उलगडून सांगितली आहे. खेळाडूची दृश्यता तीन गोष्टींवर ठरे: अंगावर पडणारा प्रकाश, हालचाल, आणि शरीर कितपत उघड्यावर आहे. पहारेकऱ्याला नजरेचा एकच कोन नव्हता, अनेक होते. समोरची नजर तीक्ष्ण, डोळ्यांच्या कडेची मंद.

९/ आवाजाचे गणित याहून सुंदर आहे. आपण म्हणतो, भिंतीलाही कान असतात. ‘थीफ’मध्ये ऐकण्याची वाट दारातून जाते. संपूर्ण इमारतीचा नकाशा खोल्या आणि त्यांना जोडणाऱ्या उघड्या जागा असा मांडलेला असतो, आणि आवाज त्या वाटांनी वळसे घेत पोहोचतो. त्यामुळे जाड भिंतीपलीकडचा पहारेकरी अंतराने जवळ असूनही काही ऐकत नाही. गालिच्यावर पाऊल मुके, फरशीवर बोलके. पाण्याचा बाण मशाल विझवतो, शेवाळाचा बाण जमीन मऊ करतो.

१०/ शिवाय पहारेकऱ्याचे ज्ञान ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे नसते. ते पायरीपायरीने चढते आणि काळाबरोबर ओसरते. आधी शंका, मग शोध, मग खात्री. गंमत अशी की आपण नजरेआड झाल्यावरही काही क्षण त्याला आपली खरी जागा कळत राहते. ही लबाडी हेतुपुरस्सर आहे. माणूस ‘चोर त्या कोपऱ्यात वळला असेल’ असा अंदाज बांधतो; त्या अंदाजाची ही नक्कल. पूर्ण अज्ञान दिले असते तर पहारेकरी मूर्ख वाटला असता.

११/ हेच लेनर्ड पुढे व्हॉल्व्ह कंपनीत गेले आणि ‘लेफ्ट फोर डेड २’ (२००९) या झोम्बी गेमचे प्रकल्पप्रमुख झाले. पहारेकऱ्याच्या कानापासून झोम्बीच्या कानापर्यंतचा प्रवास असा एका माणसाच्या कारकिर्दीतही दिसतो. या मालिकेत मोटारीचा अलार्म वाजला की झुंड धावून येते. टिकटिकणारा बॉम्ब फेकला की तीच झुंड त्याच्यामागे जाते. आणि रडत बसलेल्या ‘विच’वर टॉर्चचा झोत पडला की ती चवताळते.

१२/ ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) मधल्या ‘क्लिकर’चे डोळे बुरशीने गिळलेले आहेत, तो वटवाघळासारखा आवाजाच्या प्रतिध्वनीवर जगतो. सावकाश चालत त्याच्या जवळून निघून जाता येते, किंवा बाटली फेकून त्याला भलतीकडे धाडता येते. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’मध्ये बंदुकीचा एक बार आसपासच्या झोम्बींना निमंत्रण ठरतो. त्यात झोम्बींची दृष्टी, श्रवण आणि स्मरण किती असावे, हे खेळाडू स्वतःच ठरवू शकतो.

१३/ ‘सेव्हन डेज टू डाय’मध्ये तर चूल, भट्टी आणि मशाल यांची ‘उष्णता’ त्या परिसरात साठत जाते. ती वाढली की ‘स्क्रीमर’ येते आणि किंचाळून झुंड बोलावते. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधली प्रेते आगीला घाबरत; तिथे आग रक्षण करी. येथे तीच आग घराचा पत्ता सांगते. अन्न शिजवणे हासुद्धा धोका होतो.

१४/ आता पाचव्या मुद्द्याकडे. १९८१ चा पहारेकरी गणवेशाला फसत होता. झोम्बीला गणवेश, पास, भाषा, लाच यांपैकी काहीच कळत नाही. त्याच्यासमोर आपली ओळख निरुपयोगी ठरते. उरते ते शरीर: पाऊल, उजेड, बंदुकीचा बार. राज्ययंत्रणेच्या भीतीकडून समाज कोसळण्याच्या भीतीकडे झालेले हे सरकणे आहे, आणि ते कथेइतकेच शत्रूच्या इंद्रियांच्या नियमांतही नोंदले गेले आहे. म्हणून गेमचे नियम हे इतिहासाचे साधन म्हणून वाचायला हवेत, असे मला वाटते.

१५/ शेवटची एक गोष्ट. ‘थीफ’मध्ये पडद्याच्या तळाशी एक मणी आहे. आपण अंधारात असलो की तो काळवंडतो, उजेडात आलो की उजळतो. आपण इतरांना किती दिसत आहोत, हे खेळाडूला सतत सांगितले जाते. त्याशिवाय खेळ अन्यायाचा ठरला असता, हे निर्मात्यांना कळले होते. आज रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत आणि खिशातल्या फोनमध्येही कोणती हालचाल टिपायची, किती काळ लक्षात ठेवायची, याचे नियम माणसेच लिहितात. फरक इतकाच की तिथे आपल्याला तो मणी दिलेला नाही. तो मागायला हवा, हे मला एका जुन्या चोराच्या खेळाने शिकवले.

(समाप्त)