तेंदूची छाटणी

तेंदूची छाटणी : तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेंदूची झुडपे जमिनीलगत कापण्याचे काम. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात ते कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने केले जाते. कापलेल्या खुंटाला सुमारे दीड महिन्यात नवे धुमारे फुटतात आणि त्यांवर कोवळी, लवदार, लालसर पाने येतात. विडी वळायला हेच पान लागते. जुने पान जाड, शिरा वर आलेले असते आणि वळताना चिरते. एप्रिल-मेमध्ये तोडलेल्या पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, वाळवतात. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा आणि 1000 पुड्यांची एक प्रमाणित गोणी धरतात. गोणीचा भाव पानाच्या प्रतीवर ठरतो आणि प्रत छाटणीवर, म्हणून या कामाला हंगामाचाच भाग मानले पाहिजे. प्रत्यक्षात ते अनेकदा टाळले जाते आणि जंगलाला आग लावली जाते.

आगीच्या बाजूने सांगितले जाते ते अगदीच खोटे नाही. तेंदू मुळांतून पुन्हा फुटतो, त्यामुळे जळालेल्या झुडपालाही कोवळी पाने येतात. शिवाय आगीला मजुरी द्यावी लागत नाही. पण कोयता फक्त तेंदू कापतो, तर आग त्याच्या शेजारची मोहाची रोपे, पालापाचोळा, पडलेले बी आणि जमिनीवरची घरटीही जाळते. मोहफूल वेचायचे दिवसही हेच असतात. म्हणजे मजुरी वाचते ती पाने घेणाऱ्या ठेकेदाराची आणि नुकसान सोसते ते गाव.

यापेक्षा कठीण आक्षेप गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावातून येतो. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच थांबवले. छाटलेल्या झुडपाला फळ धरत नाही, माणसांची आणि पाखरांची टेंभरे जातात, आणि शेवटी त्या पानातून तंबाखूच ओढली जाते, असा तिचा विचार. तो खराच आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. मात्र पाचगावाला बांबूचा आधार होता. ज्या गावाच्या वाट्याला बांबू नाही, तिथे उन्हाळ्यातली रोख कमाई बव्हंशी याच पानांची असते, आणि त्याला तोडणी सोडा म्हणणे अन्यायाचे ठरेल. अशा गावाने फळ देणारी मोठी झाडे राखावीत, फक्त झुडपे छाटावीत, हा मध्यममार्ग मला पटतो.

2006 च्या वनहक्क कायद्यामुळे आणि अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्यामुळे इथल्या अनेक ग्रामसभा आता स्वतःच तेंदूचा लिलाव करतात. त्यांनी छाटणीची मजुरी कोण देणार हे लिलावाच्या अटींतच लिहून घ्यावे, आणि आग लागल्यास भरपाई कोणाकडून घ्यायची तेही.