देवनागरी अक्षरजुळणीतील पूर्वसंस्कारक : आतला की बाहेरचा?

संगणकावरील मराठी मुद्रणाचा विचार करताना टंकांची चर्चा पुष्कळ होते. टंकापर्यंत पोचण्यापूर्वी मजकुरावर जो संस्कार घडतो, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. असा संस्कार करणाऱ्या आज्ञावलीस, म्हणजे प्रीप्रोसेसरला, आम्ही येथे पूर्वसंस्कारक म्हणू. तो मुख्य यंत्रणेच्या आत असावा की बाहेर, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कारागिरांचा वाटतो. परंतु आपला मजकूर कोणत्या रूपात साठविला जाईल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने वाङ्मयाच्या अभ्यासकांसही तो परका नाही.

बाहेरच्या पूर्वसंस्कारकाची परंपरा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजली. तेथे ट्रॉफ ही अक्षरजुळणीची आज्ञावली जोसेफ ओसाना यांनी लिहिली होती. १९७० नंतरच्या दशकात तिच्यासाठी गणिती समीकरणांची एक स्वतंत्र आज्ञावली ब्रायन कर्निघन व लोरिंडा चेरी यांनी, आणि कोष्टकांची दुसरी माइक लेस्क यांनी रचली. त्या काळच्या यंत्रांची स्मृती तुटपुंजी होती. सर्व गुण एकाच आज्ञावलीत कोंबणे शक्यही नव्हते. गरजेतून निघालेल्या या वाटेस पुढे तत्त्वाचा मान मिळाला.

देवनागरीची कथा टेकपासून सुरू होते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली ही अक्षरजुळणीची यंत्रणा रचावयास घेतली व तिचा स्रोत सर्वांस खुला ठेवला. मात्र १९९० साली त्यांनी तिची वाढ थांबविली. ज्यास फेरफार करावयाचे असतील त्याने ते अवश्य करावेत, परंतु त्या यंत्रणेस टेक हे नाव देऊ नये, अशी त्यांची अट होती. एका टंकात २५६ चिन्हांची मर्यादा, आणि अक्षरे जोडण्याची सोय असली तरी त्यांचा क्रम बदलण्याची नाही, अशी ही यंत्रणा. आता आपली ऱ्हस्व वेलांटी पाहा : उच्चारात ती व्यंजनामागून येते, कागदावर मात्र त्याच्या आधी उभी राहते, ‘स्थिती’सारख्या शब्दात तर संपूर्ण जोडाक्षर ओलांडून. खिळे जुळविणारा जुळारी हे काम न बोलता करीत असे. टेकला ते कोण सांगणार?

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली ‘देवनाग’ नावाची लहानशी आज्ञावली लिहून हे काम बाहेरच्या बाहेर उरकले. लेखकाने रोमन अक्षरांत लिहावे. दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा, मूर्धन्य वर्णासाठी आधी टिंब. देवनागने वेलांटी जागेवर न्यावी, जोडाक्षरे ठरवावीत व टेकच्या हाती तयार मजकूर द्यावा. पुढे या संचात मुंबई वळणाचे टंकही आले, ही गोष्ट मराठी वाचकास सुखावणारी. आपल्या ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदी ग्रंथांतून कशी दिसतात, हे ठाऊक असणाऱ्यास त्यातील मर्म सांगावयास नको.

परंतु दोन आज्ञावल्यांच्या मध्ये एक तिसरा कागद उत्पन्न होतो, आणि सारा त्रास तेथे आहे. देवनागने तयार केलेला मजकूर चिन्हांच्या संकेतांनी भरलेला, मनुष्यास अवाचनीय. टेकला चूक सापडली की ती या मधल्या मजकुराची ओळ दाखविणार, लेखकाने लिहिलेल्या मजकुराची नव्हे. दुरुस्ती चुकून मधल्या मजकुरात केली, तर पुढच्या खेपेस ती पुसली जाणार. याहून मोठी अडचण अशी की, मराठी ग्रंथाची मूळ प्रत रोमन लिपीत राहिली; तीत ‘ज्ञान’ हा शब्द देवनागरीत शोधू जाता मिळणार नाही.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले होते. तरी ती मूळ लिपीत स्वीकारणारी मुक्त यंत्रणा यावयास बराच काळ लोटला. जोनाथन क्यू यांनी २००४ साली झीटेक प्रसिद्ध केली. नाव वेगळे, म्हणून क्नूथ यांची अटही पाळली गेली. वेलांटीचे स्थानांतर आता यंत्रणेच्या आतच, टंकातील नियमांच्या आधारे होऊ लागले. सी भाषेच्या क्षेत्रातही असेच घडले होते. ग्नू संकलकाने २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत आपला पूर्वसंस्कारक पोटात घेतला. त्यामागे वेगाचा व चुका नेमक्या दाखविण्याचा विचार होता. आमच्या प्रकरणात प्रश्न लिपीचाच होता, आणि म्हणून आतली व्यवस्था जिंकली हे आम्हांस योग्यच वाटते.

तथापि ‘आतले’ हा शब्दही जपून वापरावा. २०१३ पासून झीटेक हे काम हार्फबझ या स्वतंत्र मुक्त संग्रहाकडून करून घेते, आणि २०२० साली लुआलाटेकनेही तोच आधार घेतला. म्हणजे काम आत आले, पण करणारा बाहेरचाच राहिला. फरक इतकाच की मधला कागद नाहीसा झाला. जोडाक्षर कसे दिसावे हा निर्णय मात्र आता टंककाराच्या हाती गेला आहे. देवनागमध्ये तो लेखक स्वतः एका ओळीत बदलू शके. आज एखाद्या टंकात ‘ऱ्या’तील अर्धचंद्राकृती रफार नीट उमटत नसेल, तर टंक बदलावा लागतो, किंवा तो उघडून दुरुस्त करावा लागतो, आणि टंकाचा परवाना मुक्त नसेल तर तेवढेही साधत नाही.

देवनाग अद्यापि टेकच्या प्रचलित वितरणांबरोबर मिळते. ज्यांचे ग्रंथ त्या रोमन लेखनात पडून आहेत, त्यांस ते आजही छापता येतात. युनिकोडमध्ये आणावयाचे झाल्यास तक्ता सरळ व नियमबद्ध आहे. मधला, संकेतांनी भरलेला मजकूरच ज्यांनी जपला आणि मूळ प्रत टाकून दिली, त्यांचे काम बरेच अवघड.