परतीचे हशील

धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत क्रयविक्रयानुशय नावाचे एक पद आहे. अनुशय म्हणजे सौदा पुरा झाल्यावर मागाहून होणारा पस्तावा. मनूने त्याला दहा दिवसांची मुदत दिली. याज्ञवल्क्याने लोखंडाच्या परीक्षेस एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात व बियाण्यास दहा अशी वर्गवारी लावली. आणि नारदाने तर दुसऱ्या दिवशी माल परत करणाऱ्याच्या किमतीतून तिसावा हिस्सा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, कापून घेण्याची तजवीज केली. या मुदती वाचताना डोळ्यांपुढे येतो तो आठवड्याचा बाजार: विकणारा ओळखीचा, त्याचे गाव दोन कोसांवर, आणि नाठाळ निघालेला बैल स्वतःच्याच पायांनी मूळ दावणीकडे चालत जाणारा. त्याच्या परतीचे भाडे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न पडण्याइतके अंतर त्या व्यवहारात नव्हते.

अंतर आले ते टपालाबरोबर. 1877 साली हिंदुस्थानच्या टपालखात्याने माल पोचविताना किंमत वसूल करण्याची व्ही. पी.ची पद्धत सुरू केली, आणि दुकानदाराचे तोंड न पाहता, त्याच्या दुकानाची पायरी न चढता, कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या गिऱ्हाइकास मुंबई-पुण्याचा माल घरबसल्या मागविता येऊ लागला. जाहिरातीच्या तळाशी बारीक टायपात छापलेला टपालखर्चाचा इशारा मराठी वाचकाच्या कित्येक पिढ्यांना परिचित आहे. पण ते हशील माल येतानाचे. घड्याळ चौथ्या दिवशी बंद पडले तर ते माघारी धाडण्याचे हशील कोणाचे, ही गोष्ट जाहिरातीत सांगण्याची कोणाला विशेष उत्कंठा नसे.

कायद्याने मात्र ती सांगितली आहे. 1930च्या मालविक्री अधिनियमाचे 43वे कलम, जे इंग्लंडच्या 1893च्या कायद्यातील 36व्या कलमावरून घेतलेले आहे, असे म्हणते की, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या गिऱ्हाइकाने तो नाकारला, तर विकणाऱ्याकडे नेऊन पोचविण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. नाकारल्याची वर्दी दिली की पुरे. इतके उदार कलम विरळाच. परंतु ‘अन्यथा ठरले नसेल तर’ अशी एक खिडकी त्याच्या आरंभीच उघडी ठेवलेली आहे, आणि छापील हमीपत्रांचा सारा कारभार त्या खिडकीतूनच आत शिरला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच अधिनियमाच्या 12व्या कलमात आणखी एक खुबी आहे: ‘शर्त’ मोडली तर माल नाकारता येतो, ‘हमी’ मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे ज्या वॉरंटी शब्दाच्या भरवशावर गिऱ्हाईक निर्धास्त झोपते, तो शब्द कायद्याच्या पंगतीत दुसऱ्या पानावर बसलेला आहे.

टपालाने आलेल्या घड्याळाचा हा प्रश्न पुढे संगणकाच्याही वाट्याला आला. घरपोच संगणकाचा धंदा फोफावला अमेरिकेत. 1984 साली मायकेल डेल या तरुणाने ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकत असताना वसतिगृहाच्या खोलीतून, आणि पुढच्या वर्षी गेटवे कंपनीने आयोवातील एका शेतावरून, जोडलेली यंत्रे परभारे गिऱ्हाइकास विकण्यास आरंभ केला. गेटवेची खोकी तर पुढे गाईच्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी ओळखली जाऊ लागली. मधला अडत्या गाळल्याने यंत्र स्वस्त झाले, पण अडत्याबरोबर ते परत घेऊन जाण्याचे ठिकाणही गळाले. तिकडच्या 1975च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हमी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे मथळ्यातच लिहावयास लावले, आणि पूर्ण हमीत दोष विनामूल्य दूर करण्याचे बंधन घातले. तेव्हा कंपन्यांनी पुष्कळदा ‘मर्यादित’ हाच शब्द पसंत केला, यात नवल नाही. युरोपीय संघाने 1999च्या निर्देशात ‘विनामूल्य’ या शब्दात टपालखर्चही धरावा असे स्पष्ट लिहिले. मला विचाराल तर या साऱ्या वाङ्मयात मोलाचे वाक्य तेवढेच.

आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकांच्या दुकानांत कित्येक वर्षे याज्ञवल्क्याचाच बाजार चालू होता. सुटे भाग निवडावेत, दुकानदाराच्या पोऱ्याने ते डोळ्यांदेखत जोडावेत, आणि यंत्र बिघडले की कॅबिनेट टॅक्सीत घालून त्याच गाळ्यापुढे उभे राहावे. टॅक्सीचे भाडे आपले, पण भांडण समोरासमोर होई. घरपोच खरेदीत ती सोय नाही. 2020च्या ई-वाणिज्य नियमांनी परतीच्या वाहतूकखर्चाची माहिती विक्रेत्याने स्पष्ट द्यावी असे फर्माविले. माहिती द्यावी इतकेच.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी असे एक तयार यंत्र मागविले. महिनाभरात ते मधूनच आपोआप बंद पडू लागले. हमीपत्रात पाठवणीचा खर्च गिऱ्हाइकाचा, परतीचा कंपनीचा, अशी वाटणी होती. माळ्यावरून मूळ खोके उतरविताना तो म्हणाला, “मामा, हे रद्दीत दिलं असतं तर हमीही गेली असती.” कुरिअरवाल्याने काटा बाजूला सारून टेप काढली: साठ, पंचावन्न, पस्तीस सेंटिमीटर; गुणाकारास 5000ने भागले आणि 13 किलोच्या यंत्राची 23 किलोंची पावती फाडली. उरलेले दहा किलो थर्माकोलमधल्या हवेचे. तीन आठवड्यांनी यंत्र आले, ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यानिशी. बाजूची काच काढून पाहिले तो जडशीळ ग्राफिक्स कार्ड वाटेतल्या धक्क्यांनी खाचेतून निसटून एका स्क्रूवर लोंबकळत होते. भाच्याने खोके पुन्हा माळ्यावर ठेवले नाही, दाराशीच ठेवले.