लेखणीची जकात

रत्नागिरी शहराच्या दक्षिण अंगास, काजळी नदी जेथें समुद्रास मिळते त्या मुखाजवळ, मांडवी नांवाची वस्ती व तिचा काळसर वाळूचा किनारा आहे. आज तेथें मंडळी संध्याकाळीं हवा खाण्यास जमतात. परंतु ‘मांडवी’ या शब्दाचा जुना अर्थ जकातीचें ठाणें असा आहे. मालाचा धनी एक, गिऱ्हाईक दुसरा, आणि दोघांच्या मध्यें बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर आपला हिस्सा उचलणारा तिसरा, अशी ही व्यवस्था. लेखकाचा मालही वाचकापर्यंत जातां जातां अशा एखाद्या ठाण्यावरून जात असतो. तें ठाणें कोणाचें व तेथें जकात कोणत्या रूपानें द्यावी लागते, या प्रश्नाच्या उत्तरांत लेखकाच्या स्वातंत्र्याचा पुष्कळसा इतिहास सांठविलेला आहे. आजच्या काळांत हें ठाणें ऑनलाइन जाहिरातीचें झालें आहे. म्हणून त्याचा पूर्वेतिहास थोडा तपासून पाहणें अगत्याचें वाटतें.

जाहिरात व नियतकालिक यांची सोबत जन्मापासूनची आहे. जेम्स ऑगस्टस हिकी यानें २९ जानेवारी १७८० रोजीं कलकत्त्यास हिंदुस्थानांतील पहिलें वृत्तपत्र काढलें, त्याच्या लांबलचक नांवांतच ‘जनरल अ‍ॅडव्हर्टायझर’ हे शब्द होते. इंग्लंडांत तर १७१२ पासून १८५३ पर्यंत छापील जाहिरातीवर सरकार स्वतंत्र कर घेत असे. पुढें १८३६ सालीं पॅरिसमध्यें एमिल द जिरार्दँ यानें ‘ला प्रेस’ हें पत्र इतर पत्रांच्या निम्म्या वर्गणींत देऊं केलें आणि तूट जाहिरातींतून भरून काढण्याचा बेत केला. वाचकानें थोडें द्यावें, व्यापाऱ्यानें अधिक द्यावें, आणि त्या बदल्यांत वाचकाची नजर व्यापाऱ्याकडे वळवावी, हें जें सूत्र त्यानें अंमलांत आणलें, त्यावरच पुढील जवळजवळ दोनशें वर्षांचा वृत्तपत्रव्यवसाय उभा राहिला.

आपल्याकडे आरंभीं लेखकाच्या चरितार्थाचा भार जाहिरातीवर नव्हता. तो नोकरीवर होता. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे मूळचे पोंभुर्ल्याचे. तें गांव त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत होतें व आतां सिंधुदुर्गांत आहे. बाळशास्त्री एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक होते. ‘प्रभाकरा’ंत १८४८ पासून शतपत्रें लिहिणारे लोकहितवादी सरकारी न्यायखात्यांत होते. एकंदरींत, ज्यांचें पोट दुसरीकडे भरत होतें अशांनींच मराठी गद्याची पहिली नांगरणी केली.

या पद्धतींतील जकात कोणती, हें रत्नागिरीनेंच एकदां पाहिलें आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली. एकच लेखक, तोच संपादक, विषय त्याच्या मर्जीचे, आणि वाचकाशीं थेट संभाषण, असें हें मासिक होतें. त्याचे ८४ अंक निघाले. आज ज्यास ब्लॉग अथवा अनुदिनी म्हणतात, तिचा आपल्या भाषेंतील सर्वांत जवळचा पूर्वज शोधूं गेल्यास निबंधमालेकडेच बोट दाखवावें लागेल. मालाकार सरकारी शाळेंत शिक्षक होते. पुण्याहून त्यांची बदली रत्नागिरीच्या शाळेंत झाली. तिचा संबंध त्यांच्या लेखणीशीं होता, अशी समजूत फार जुनी आहे. ती खरी असो वा नसो, १८७९ सालीं त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला आणि १८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. चित्रशाळा, किताबखाना, आर्यभूषण छापखाना हे उद्योगही त्याच सुमाराचे. आपल्या लेखणीचें पोट आपल्याच उद्योगानें भरावें, म्हणजे ती कोणाची मिंधी राहत नाहीं, हें मालाकारांनीं कृतीनें दाखविलें. परंतु प्रत्येक लेखकास छापखाना काढणें शक्य नसतें, आणि केवळ वर्गणीवर विसंबावें तर थकलेल्या वर्गणीचीं रडगाणीं आपल्या जुन्या मासिकांच्या पानोपानीं आढळतात.

ही उणीव जाहिरातीनें भरून काढली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें ‘मासिक मनोरंजन’ १८९५ सालीं निघालें. त्याच्या १९०९ च्या दिवाळी अंकानें जी परंपरा घातली, ती आज जाहिरातींच्या आधारावांचून एक वर्षही तग धरणार नाहीं. त्याहून बोधप्रद उदाहरण किर्लोस्करवाडीचें आहे. १९२० सालीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली, ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस देण्याकरितां. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखालीं तीच पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक झाली, आणि ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) हीं तिचीं भावंडें निघालीं. जी जाहिरात म्हणून जन्मली, तिनें सामाजिक सुधारणेचें कार्य केलें. तेव्हां जाहिरातीचा पैसा स्वभावतःच अपवित्र असतो, हें म्हणणें टिकत नाहीं. तो कोणाच्या हातून येतो व लेखनाची निवड कोण करतो, हा खरा प्रश्न आहे.

आतां अलीकडील काळाकडे वळूं. १९९४ च्या ऑक्टोबरांत ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर फलकवजा जाहिराती झळकल्या. इंटरनेटवरील जाहिरातीच्या व्यवसायाचा आरंभ बहुधा तेथून मोजतात. १९९९ सालीं ‘ब्लॉगर’ ही सोय निघाली व छापखान्यावांचून कोणासही स्वतःचें नियतकालिक काढतां येऊं लागलें. २००३ च्या फेब्रुवारींत गूगल कंपनीनें ती विकत घेतली, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें ‘अ‍ॅडसेन्स’ ही योजना सर्वांस खुली केली. लेखकानें आपल्या पानावर जागा राखून ठेवावयाची. त्या जागेंत काय यावें हें यंत्र ठरवितें. वाचक पान उघडतो त्या क्षणार्धांत जाहिरातदारांमध्यें लिलाव होतो. पानावरील शब्द कोणते हें आरंभीं पाहिलें जाई. २००९ पासून वाचकाची आवडनिवडही जमेस धरली जाऊं लागली. जाहिरातदाराच्या पैशापैकीं ६८ टक्के लेखकास मिळतात, हें कंपनीनें २०१० सालीं प्रसिद्ध केलें. उरलेले ३२ टक्के ही या नव्या मांडवीची जकात होय. पूर्वी वाचकानें जाहिरातीवर बोट ठेवलें तरच मुख्यतः पैसे मिळत. २०२४ पासून ती दिसल्याबद्दलच मोबदला देण्याची पद्धत आली. कमाई १० डॉलरांवर गेली कीं लेखकाचा पत्ता खरा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक सांकेतिक क्रमांक टपालानें घरीं येतो, आणि १०० डॉलर सांठेपर्यंत रक्कम हातीं पडत नाहीं. स्वतःच स्वतःच्या जाहिरातींवर बोट ठेवणाऱ्याचें खातें बंद होतें.

या व्यवस्थेचा गुण मोठा आहे. जाहिरातदार कोण हें लेखकास बहुधा आधीं ठाऊक नसतें. तेव्हां त्याची स्तुति करण्याचा अथवा त्याच्या दोषांवर पांघरूण घालण्याचा मोह सहसा होत नाहीं. संस्थानिकाच्या देणगीपेक्षां अथवा साहेबाच्या मर्जीपेक्षां ही मोकळीक निःसंशय अधिक आहे. मांडवीच्या एखाद्या घरांत बसून कोणी मासळीविषयीं किंवा आंब्याच्या मोहोराविषयीं लिहावें, आणि त्याचा मोबदला सातासमुद्रांपलीकडून यावा, ही गोष्ट मालाकारांस स्वप्नवत् वाटली असती.

परंतु ठाण्यावर कोणता माल उतरूं द्यावयाचा हेंही ठाणेदारच ठरवितो. या योजनेंत हिंदी भाषेस प्रवेश मिळाला तो २०१४ च्या डिसेंबरांत. मराठीस २०१८ सालीं. म्हणजे पंधरा वर्षें असें होतें कीं, तोच लेखक इंग्रजींत लिहिता तर मिळकतीस पात्र ठरता, आणि मातृभाषेंत लिही म्हणून त्याच्या पानास जाहिरातच मिळत नसे. योगायोग असा कीं कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें तेंही २०१८ सालींच. दार उघडल्यावरही भाव सारखा नसतो: अमेरिकेंतील वाचकाच्या नजरेस जी किंमत येते, तिचा अल्पसा अंशच मराठी वाचकाच्या नजरेस येतो. आणि लिलावांत कर्ज, विमा अशा शब्दांस चढा भाव असल्यामुळें, लेखकानें मोहोर सोडून कर्जावर लिहावें असा अबोल आग्रह ही व्यवस्था सतत करीत राहते. साहेबाचा हुकूम निदान कागदावर येत असे व त्याचा निषेध करतां येई. येथें हुकूम कोणी देत नाहीं, केवळ मिळकतीचा आंकडा खालीं येतो, आणि लेखक आपण होऊन वळतो.

सरकारनेंही मध्यंतरीं आपलें ठाणें मांडून पाहिलें. १ जून २०१६ पासून, परदेशी कंपन्यांस ऑनलाइन जाहिरातींबद्दल येथून जाणाऱ्या रकमेवर ६ टक्के कर बसविण्यांत आला. १ एप्रिल २०२५ पासून तो रद्द झाला. जकात कोणी घ्यावी यावर राष्ट्रांमध्यें वाद चालतात; माल पिकविणाऱ्याचा विचार त्यांत क्वचितच होतो.

यावर उपाय कोणता? तो आमच्या आंबेवाल्या बागाईतदारांस पुस्तकावांचून ठाऊक आहे. सगळ्या पेट्या वाशीच्या एकाच दलालाकडे पाठविणारा बागाईतदार त्या दलालाच्या पट्टीवर जगतो. कांहीं पेट्या बाजारास व कांहीं ओळखीच्या घरगुती गिऱ्हाइकांस पाठविणारा निदान भाव विचारूं शकतो. लेखकानेंही जाहिरातीचा पैसा खुशाल घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र तो कागद-शाईच्या खर्चापुरता धरावा, पोटाचा भार थोडा दुसऱ्या उद्योगावर व थोडा वाचकाच्या वर्गणीवर ठेवावा, आणि काय पिकवावें याचा निर्णय आपल्या हातीं राखावा. या कामीं वाचकाचाही वांटा आहे. जें लेखन आपणांस फुकट मिळतें, त्याची किंमत आपल्याऐवजीं दुसरा कोणी देत असतो, आणि जो किंमत देतो त्याच्या आवडीचेंच पीक कालांतरानें शेतांत दिसूं लागतें. मराठींत मोहोराविषयीं लिहिणारा टिकावा असें ज्यास वाटतें, त्यानें वर्षाकाठीं एका पेटीच्या किमतीइतकी तरी वर्गणी त्याच्याकडे पाठवावी.